मिनिटाला बहात्तर फेरे

पत्रात एकच ओळ होती. ‘ती सहा गाणी काढा, नाहीतर माझं नाव काढा.’ खाली वळणदार सही, आणि सहीखाली इतक्या जोराने ओढलेली रेघ की कागद फाटायचाच काय तो राहिला होता.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नवीच्या टेबलावर सरकवला.

“घे. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. बाईंनी कानाला हात लावलाय.”

रेकॉर्ड कंपनीच्या तळघरात जुन्या तबकड्या धुऊन-पुसून, त्यांची खरखर काढून, त्या नव्याने ऐकण्याजोग्या करायचं काम ही दोघं करत. मास्तरांची त्यात पस्तीस वर्षं गेली होती. नवीला दोन वर्षं झाली होती, आणि त्यातलंही निम्मं बाळंतपणाच्या रजेत गेलं होतं. त्यामुळे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला अजून ‘नवी’च म्हणत.

पत्र धाडणाऱ्या बाईंना सगळा देश ‘मखमल’ म्हणून ओळखायचा. तीस वर्षं त्यांनी पडदा गाजवला होता, आणि पडद्यावरचं गाणंही त्यांचंच असायचं, उसन्या गळ्याचं नाही. खालच्या पट्टीतला, उबदार, कसलीही घाई नसलेला आवाज. आता त्या चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि कंपनी त्यांच्या गाण्यांचा मोठा संच काढत होती. सिनेमातली गाणी तर लोकांना पाठच होती. संचाचं नवेपण होतं ते या सहा गाण्यांत. पहिल्या सिनेमाच्या दोन वर्षं आधी, एकोणीस वर्षांच्या असताना, एका छोट्या कंपनीसाठी त्यांनी ती एका दिवसात गायली होती. पियानोवर त्यांचे वडील. ती छोटी कंपनी पुढे या कंपनीने गिळली आणि तीन तबकड्या, म्हणजे सहा बाजू, कपाटात येऊन पडल्या.

अडचण एकच होती. ती गाणी ऐकवत नव्हती.

आवाज बारीक, टोकदार, पिपाणीसारखा. गाणं असं पळायचं, जणू मागे कुणी काठी घेऊन लागलंय. वीस वर्षांपूर्वी रेडिओवर त्यातलं एक गाणं लागलं होतं आणि लोकांनी पोट धरून हसून घेतलं होतं. नवीच्या सासूबाई मखमलच्या एकेका सिनेमाला चार-चारदा गेलेल्या, पण त्यासुद्धा म्हणाल्या, “अगं, ते गाणं लागलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं. सिनेमात गेली म्हणून सुधारली बिचारी.” जाणकारांचंही मत तेच, फक्त भाषा जड. एकाने पुस्तकात लिहून ठेवलं होतं की बापाने पट्टी चढवून पोरीचा गळा आवळला आणि सिनेमाच्या दिग्दर्शकाने तो सोडवला.

“गुरुवारी बाई स्वतः येतायत,” मास्तर म्हणाले. “उरलेली गाणी ऐकतील, सही करतील. एकदा सही झाली की ही सहा कायमची कपाटात. साहेबांनी यादीतून काढलीसुद्धा.”

“तुम्हाला काय वाटतं मास्तर? ती वाईट आहेत?”

“मला काय वाटायचंय? जिचं गाणं तीच नको म्हणतेय.”

नवीने पत्राची घडी करून खणात ठेवलं. पण तिच्या मनात त्या गाण्यांबद्दल काहीतरी सलत होतं, आणि ते काय ते तिला धड सांगता येत नव्हतं.

तिला श्वास मोजायची सवय होती. बाळ चार महिन्यांचं असताना त्याची छाती भरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, पोटाकडे बघायचं, घड्याळ लावून पुरतं एक मिनिट मोजायचं. बाळ आठवड्यात बरं झालं, सवय मात्र चिकटली ती चिकटलीच. आता ती झोपलेल्या नवऱ्याचे श्वास मोजे, बसमध्ये शेजारी पेंगणाऱ्या आजोबांचे मोजे. नवरा तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायचा. “सरकार, मी जिवंत आहे,” तो डोळे न उघडताच पुटपुटायचा, “कूस बदलू का?”

त्या सवयीनेच तिने गाण्यातल्या मुलीचेही श्वास ऐकले होते. दोन ओळींच्या मधला प्रत्येक श्वास म्हणजे एक हिसका. तापातल्या बाळासारखा. पण गाणं घाबरलेलं नव्हतं! ओळीचा शेवट ती मुलगी ऐटीत, ज्याच्या त्याच्या जागी ठेवत होती, जणू पाहुण्यांसमोर एकेक पेला मांडतेय. श्वास घाबरलेल्या माणसाचा आणि गाणं बेडर माणसाचं, एका गळ्यात हे दोन्ही कसं नांदेल?

रविवारी दुपारी याचं उत्तर तिला फ्रिजने दिलं.

बाळाला दात येत होते, त्यामुळे ते खांद्यावरून उतरायला तयार नव्हतं. फ्रिजच्या घूंघूं आवाजाला टेकलं की मात्र शांत व्हायचं. म्हणून नवी फ्रिजला पाठ लावून उभी होती, एका कानात बाळाची लाळ आणि फ्रिज, दुसऱ्या कानात फोनवर गाणी. सिनेमातली गाणी चालू होती. जुन्या रेकॉर्डिंगच्या तळाशी विजेचा एक बारीक घुमारा असतो. माइकची यंत्रं विजेवर चालायची, त्यांचा तो आवाज. ऐकणाऱ्याला तो कळतही नाही. सिनेमाच्या गाण्यांमधला घुमारा आणि फ्रिजचा घुमारा एकमेकांत साखरेसारखे विरघळून गेले होते.

मग ती सहा गाणी सुरू झाली आणि दोन घुमाऱ्यांचं भांडण जुंपलं.

नवी ताठ झाली. परत मागे जाऊन सिनेमाचं गाणं लावलं, भांडण बंद. त्या सहांपैकी दुसरं लावलं, पुन्हा जुंपलं. वीज तर सगळीकडे एकाच लयीत धावते, तेव्हाही आणि आताही. मग याच गाण्यांत ती चढ्या आवाजात का बोलतेय?

“आई!” ती ओरडली. सासूबाई हातातलं टाकून धावत आल्या.

“काय झालं? बाळ पडलं?”

“बाळ ठीक आहे. वीज पळतेय, आई! गाणं नाही, सगळंच पळतंय!”

सासूबाईंनी आधी बाळाला काढून घेतलं, मग सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला. “जरा पड तू,” त्या म्हणाल्या. “मी बघते याला.”

सोमवारी ती कामावर वीस मिनिटं आधीच पोहोचली. मास्तर आले तेव्हा तबकडी फिरकीवर चढवलेली होती.

“मास्तर, ही गाणी चुकीच्या वेगाने वाजतायत.”

“लेबल वाच.”

“वाचलं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे.”

“मग? छापणाऱ्यापेक्षा तुला जास्त कळतं?”

“छापणाऱ्याने गाणं ऐकलं होतं का?”

मास्तरांना उलट उत्तराची सवय नव्हती. त्यांनी डबा टेबलावर जरा जोरातच ठेवला. नवीने घाईघाईने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सिनेमाच्या गाण्याचा घुमारा मोजला तर सेकंदाला पन्नास कंपनं, जसा असायला हवा तसा. या सहा गाण्यांचा, सहाच्या सहांचा, चोपन्न.

“पन्नासाचे चोपन्न व्हायला तबकडी जितकी जास्त पळायला हवी, तितकी ती पळतेय. हिशोब केला मी. रेकॉर्ड करताना मशीन बहात्तर फेऱ्यांनी फिरत होतं. आपण वाजवतोय अठ्ठ्याहत्तरने. म्हणून पोरगी धापा टाकतेय.”

मास्तरांनी आकडे बोटाने एकेक करून तपासले. मग खुर्ची ओढून खाली बसले.

“वीस वर्षांपूर्वी रेडिओला ते गाणं कुणी उतरवून दिलं होतं, माहीत आहे?”

“कुणी?”

“मी.” त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. “लेबल वाचलं, अठ्ठ्याहत्तरवर लावलं, डबा उघडून जेवायला बसलो. ती पिपाणी मी वाजवली, पोरी. सगळ्या देशाला ऐकवली.”

नवीने फिरकीचा वेग उतरवला, दिव्याखाली वेग दाखवणारी पट्ट्यांची चकती धरून बहात्तर नीट जुळवले आणि सुई टेकवली.

पियानो आधी आला. अठ्ठ्याहत्तरवर तो नेहमी दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकलेला वाटायचा. आता प्रत्येक सूर आपापल्या घरी जाऊन बसला. आणि मग आवाज आला. मास्तरांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. तोच आवाज, सगळ्यांना पाठ असलेला, फक्त दोन-चार वर्षांनी कोवळा. भरलेला, निवांत, जराही न डगमगणारा. दोन ओळींच्या मध्ये मुलीने श्वास घेतला, सावकाश, पोटातून.

गाणं संपलं तेव्हा मास्तर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नवीने फडक्याने उगाचच फिरकी पुसली.

“पटलं मला,” ते वळून म्हणाले. “पण बाईंना कसं पटवणार? त्यांचा पहिला प्रश्न असेल, चांगलं चालतं मशीन सहा फेरे कुठे हरवून बसलं? आहे उत्तर?”

“नाही.”

“मग त्या म्हणतील, म्हातारीला खूश करायला आवाज गोड करून आणलात. त्यांना लाड सहन होत नाहीत. गेल्या वर्षी सत्काराच्या भाषणात कुणी ‘सरस्वती’ म्हणालं, तर उठून निघून गेल्या होत्या.”

तीन दिवस नवीने ते हरवलेले सहा फेरे शोधले. छोट्या कंपनीच्या जुन्या वह्या चाळल्या, धूळ खाऊन शिंकली, हाती काही लागलं नाही. साहेबांना वर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “छान, छान. पण बाईंना त्रास देऊ नका. सही महत्त्वाची. कव्हर छापायला गेलंय.”

गुरुवारी अकराच्या ठोक्याला बाई जिना उतरून आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला भाची. भाचीच्या काखेत करारपत्रांची फाइल. बाई दिसायला लहानखुऱ्या होत्या, पण खोलीत शिरल्या आणि खोलीच लहान झाली.

“हीच ती विहीर,” त्यांनी चहूकडे पाहून म्हटलं. “इथे बसून माझा गळा उकरता होय?”

मास्तरांची पाचावर धारण बसली होती. त्यांनी घाईघाईने खुर्ची पुढे ओढली. सिनेमाची गाणी एकेक करून थोडी थोडी ऐकवली गेली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, मधेच एखादं वाक्य टाकत होत्या. “इथे सर्दी झाली होती मला.” “हा व्हायोलिनवाला माझ्यावर फिदा होता, ऐका कसा लाळ घोटतोय.” तासाभराने त्यांनी हात पुढे केला. “झालं ना? आण पेन.”

भाचीने फाइल उघडली. “इथे, मावशी.”

नवीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे पाहत होते. तिचं तोंड आपोआप उघडलं.

“एक गाणं राहिलंय.”

पेन थांबलं. “कुठलं?”

“त्या सहांतलं.”

भाचीने डोळे वटारले. “मावशीने लिहून कळवलं होतं तुम्हाला.”

“मुली,” बाई म्हणाल्या, आवाज मऊ आणि म्हणूनच भीतीदायक, “माझ्याकडची रेकॉर्ड मी स्वतः फोडलीय. गुडघ्यावर आपटून. अजून व्रण आहे, बघायचाय?”

“नाही. मला एकच विचारायचंय. त्या दिवशी गायल्यावर तुम्हाला लगेच ऐकवलं होतं का? तिथल्याच मशीनवर?”

बाईंच्या कपाळावर आठी पडली. हा प्रश्न पासष्ट वर्षांत त्यांना कुणी विचारला नसावा.

“ऐकवलं होतं. एक तबकडी जास्तीची कापली होती ऐकायला.”

“कसं वाटलं होतं?”

“उत्तम वाटलं होतं. एकोणिसाव्या वर्षी सगळंच उत्तम वाटतं. मग महिन्याने दुकानात ऐकलं आणि डोळे उघडले. दुकानदारही हसला.” त्यांनी पेन उचललं. “झालं समाधान?”

“तुमचे कान तेव्हाही बरोबर होते,” नवी म्हणाली. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. “दोन मिनिटं पन्नास सेकंद. नाही आवडलं, तर मी स्वतः तबकडी तुमच्या गुडघ्यावर आणून ठेवते.”

मास्तरांच्या घशातून कसलातरी आवाज आला. बाईंनी काठी हनुवटीखाली टेकवली.

“गोड करून आणली असशील, तर मला कळेल हं.”

“कळू दे.”

सुई टेकली. पियानोचे चार ठोके पडले आणि बाईंची काठी जमिनीवर ठकठक करायला लागली, तीही नकळत, लयीत. आवाज सुरू झाला. ठकठक थांबली. भाचीने मावशीकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा मावशीकडे, जणू दोन माणसांत खरं कोण ते तिला ठरवता येत नव्हतं. मुलगी गात होती. वरच्या सुरावर चढताना तिने घाई केली नाही, उतरताना रेंगाळली नाही, आणि शेवटच्या ओळीत वडिलांचा पियानो एक पाऊल मागे सरला आणि तिला एकटीला पुढे उभं केलं.

गाणं संपलं. सुई शेवटच्या रेषेत गोल गोल फिरत राहिली. ती उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

“काय केलंस तू?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाही. फक्त हळू वाजवलं. मशीन त्या दिवशी सहा फेरे कमी फिरत होतं. का, ते मला माहीत नाही. सापडलं नाही.”

“चाक,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“शिवणयंत्राचं चाक!” त्या एकदम खुर्चीत पुढे सरकल्या. “सकाळी त्यांच्या मशीनचं चाक तुटलं. आम्ही तीन तास बाहेरच्या बाकावर बसून. बाबा म्हणाले, चला घरी. तो रेकॉर्डिस्ट म्हणाला, थांबा, आणि सायकल मारत घरी जाऊन बायकोच्या शिवणयंत्राचं चाक काढून आणलं! बसवलं, पट्टा चढवला, फिरलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्याच्या बायकोने येऊन सगळ्यांसमोर त्याला असं झापलं, अर्धा झगा मशीनवर अडकला होता तिचा!”

मास्तरांनी टेबलावर थाप मारली, पेन्सिली उडाल्या. “चाक लहान पडलं! बाई, चाक लहान पडलं, म्हणून तबकडी हळू फिरली! त्याच मशीनवर कापलं आणि त्याच मशीनवर ऐकवलं, म्हणून तुम्हाला बरोबर वाटलं. बाहेरच्या प्रत्येक मशीनवर ते पळत सुटलं. आणि लेबलवाल्याने नेहमीचा आकडा छापला.” ते सरळ उभे राहिले. “आणि मी वीस वर्षांपूर्वी तसंच रेडिओला दिलं. चूक माझी.”

“तुमची नंतर बघते,” बाई म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं.

“मी बाबांना म्हटलं होतं, तुम्ही पट्टी चढवलीत, माझा गळा आवळलात. ते म्हणाले, अगं नाही, रोजचीच धरली होती. मी म्हटलं, मग काय रेकॉर्ड खोटं बोलतेय?” बाईंनी फिरकीकडे पाहिलं. “त्यानंतर माझ्या एकाही गाण्यात मी त्यांना वाजवायला बोलावलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. लोक लिहीत राहिले, दिग्दर्शकाने घडवली, सिनेमाने घडवली. मीच मुलाखतींत हो हो म्हणत राहिले.”

भाचीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला. रडू येतंय असं वाटत असतानाच त्या मोठ्याने हसल्या, आणि ते हसू तळघराच्या भिंतींवर आपटून परत आलं.

“बाबा बरोबर होते! आणि मी, मी एकोणीस वर्षांची असताना अशी गात होते! ऐकलंस ना गं तू? कुणी शिकवलं नव्हतं, कुणी घडवलं नव्हतं. माझं होतं ते, आधीपासून. मेला तो पुस्तकवाला, नाहीतर इथे आणून बसवला असता, या स्टुलावर.”

“मावशी, रक्तदाब,” भाची म्हणाली.

“असू दे चढलेला. पासष्ट वर्षं उतरून बसला होता.” त्यांनी करारपत्र ओढून घेतलं आणि गाण्यांच्या यादीच्या वर, कोऱ्या जागेत, तेच वळणदार अक्षर काढून एक ते सहा आकडे मांडले. पुढे सहाही गाणी लिहिली. शब्द आठवायला त्यांना एकदाही थांबावं लागलं नाही. खाली लिहिलं, पियानो, आणि वडिलांचं पूर्ण नाव. रेघ ओढली, आणि या वेळी कागद खरोखरच फाटला.

“ही आधी. सिनेमाबिनेमा नंतर.”

“अहो, पण कव्हर छापायला गेलंय,” मास्तर म्हणाले.

“मग परत आणा. पाय आहेत ना त्याला?”

मास्तरांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खिशात रुमाल सापडत नव्हता. नवीने घड्याळ पाहिलं नव्हतं, फोन पाहिला नव्हता, बाळाने दूध घेतलं असेल का हा विचारही तासाभरात तिच्या डोक्यात डोकावला नव्हता, हे तिला आत्ता कुठे जाणवलं आणि ती स्वतःशीच दचकली.

“तुला लहान मूल आहे,” बाई एकाएकी म्हणाल्या. प्रश्न नव्हताच तो.

“तुम्हाला कसं कळलं?”

“खांद्यावर दुधाचा डाग आहे, आणि माझ्या छातीकडे टक लावून काय मोजत होतीस गाणं चालू असताना?”

नवीचे कान तापले. “श्वास.”

“किती भरले?”

“मिनिटाला चौदा. अगदी व्यवस्थित.”

“मग ठीक.” बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि काठी भाचीच्या हातात दिली, आता तिची गरज नसल्यासारखी. “वर साहेब बसतात ना तुमचे? डोक्यावरच?”

“हो.”

“दुसरी बाजू लाव. आणि आवाज असा ठेव की ते जिना उतरून खाली आले पाहिजेत.”

नवीने तबकडी उलटली, बहात्तर जुळवले आणि बटण शेवटापर्यंत फिरवलं.